बजरंगची शीळ आणि माझे पाय

त्या दिवशी मी भर मैदानात थांबले, त्यात माझी काहीही चूक नव्हती. अजूनही कुणाला तसं वाटत असेल तर त्याने माझ्यासमोर येऊन बोलावं.

अंबाजोगाईला आमच्या कॉलेजच्या मागे जे मोठं मैदान आहे, तिथे राज्याच्या संघाची निवड चालली होती. खेळ ऑस्ट्रेलियन फुटबॉल. आमच्या चौसाळ्याकडे याला सगळे अंड्याचा फुटबॉल म्हणतात, कारण याचा चेंडू गोल नसतो, दोन्हीकडून निमुळता असतो. तो लाथेने मारता येतो, हातात घेऊन पळता येतं, पण दुसरीकडे द्यायचा तर फेकायचा नाही, मुठीने ठोसा मारून द्यायचा. समोरच्या पोरी अंगावर येतात, धरतात, पाडतात. आई एकदाच बघायला आली होती. घरी जाताना म्हणाली, "ह्याला खेळ म्हणत्यात व्हय? ही तर मारामारी हाय." मला त्यातलं नेमकं तेच आवडतं.

तर, सामना संपत आला होता. चेंडू माझ्या हातात, समोर गोलाचे खांब, मध्ये कुणीही नाही. आमचे कोच शहादेव सर कडेने पळत ओरडत होते, "मार सुकन्या, मार." मी पाय उचलणार... आणि तेवढ्यात शीळ आली. लांब, चढत जाणारी, आणि शेवटी एकदम तोडलेली.

माझे पाय थांबले. मी थांबवले नाहीत, ते आपले आपण थांबले.

पाठीमागून दोघी येऊन आदळल्या. मी तोंडावर पडले, चेंडू निसटला, आणि पलीकडच्या पोरींनी तो नेऊन गोल केला. पंचांची शिट्टी वाजलीच नव्हती. मैदानावरची एकही पोरगी थांबली नव्हती, मी सोडून. सर धावत आले आणि म्हणाले, "अगं, कावून थांबलीस?" मी तोंडातली माती थुंकत राहिले. सांगणार तरी काय?

ती शीळ मला ओळखीची होती. मी धनगराच्या वाड्यावर वाढले. वाडा म्हणजे दगडविटांचं घर नव्हे, मेंढरं घेऊन गावोगाव हिंडणारा आमचा मुक्काम. चालायला लागले तेव्हापासून मी कळपामागे होते, आणि ही शीळ आली की कळप जागच्या जागी उभा राहतो, कुत्रं उभं राहतं, मागे चालणारी पोरंही उभी राहतात. नाही राहिलं तर मेंढी कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरते नाहीतर विहिरीत जाते. पुढे शाळेसाठी मी चौसाळ्याला राहिले, मग कॉलेजच्या होस्टेलवर आले, वाड्याची सवय सुटली असं मला वाटत होतं. पायांना कुणी कळवलं नव्हतं.

संध्याकाळी यादी लागली. माझं नाव राखीव खेळाडूंत होतं. कोलकात्याच्या राष्ट्रीय स्पर्धेला ऑस्ट्रेलियातल्या एका क्लबाची माणसं येणार होती. ज्या खेळाडू चांगल्या वाटतील त्यांना ती माणसं तिकडे नेणार होती, पगार देऊन, खेळण्यासाठी. मला तेच हवं होतं. दुसरं काहीही नको होतं. आणि आता मी कोलकात्याला जाऊन बाकावर बसणार होते आणि बाकीच्यांना पाण्याच्या बाटल्या देणार होते.

मैदानाच्या कडेला, बाभळींच्या पलीकडे मेंढरं चरत होती. मी चेंडू काखेत मारला आणि फुटलेल्या गुडघ्याने तशीच तिकडे निघाले.

"शीळ कुणी घातली?"

एक पोरगा दगडावर बसला होता. टी-शर्ट, खांद्यावर घोंगडी, एका कानात इअरफोन. मला बघून उठला.

"म्या," तो म्हणाला.

"कावून?"

"मेंढरं तुमच्या ग्राउंडात शिरत व्हती. शिरू दिली तर तुमचे सर शिव्या देत्यात. थांबवली तर तुमी आलात. आमी करावं तरी काय?"

"माझी निवड गेली तुज्यामुळं."

"माझ्यामुळं?" त्याने इअरफोन काढला. माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "म्हंजी... ती मधीच उभी राह्यलेली पोरगी तुमीच का?"

"मीच."

"मेंढरं थांबली, कुत्रं थांबलं, आन् तुमी." तो हसू दाबत होता आणि ते त्याला अजिबात जमत नव्हतं. "बाकीच्या पोरींना तर ऐकू बी आलं न्हाई. कुणाच्या वाड्यावरच्या म्हणायच्या?"

"चौसाळ्याच्या परमेश्वरची लेक. सुकन्या."

"मी बजरंग. कडा गावाकडचा. म्हंजी तुमी आपल्याच की."

"आपल्या-बिपल्या काही न्हाई. मी तुज्या कळपातली मेंढी न्हाई, एवढं ध्यानात ठेव."

"मेंढी एवढी बोलत नस्ती," तो म्हणाला.

मी चेंडू त्याच्या अंगावर मारला. चांगला जोरात, लागावा म्हणूनच. त्याने हातातली काठी सोडली आणि चेंडू छातीशी झेलला, आणि झेलल्या झेलल्या काखेत धरला, नुकतं जन्मलेलं कोकरू धरतात तसा. आमच्या संघातल्या निम्म्या पोरींना इतका स्वच्छ झेल जमत नाही. मला त्याचाही राग आला.

होस्टेलवर गुडघ्याला हळद लावत मी विचार केला. राखीव असले तरी संधी येऊ शकत होती, कुणाचा तरी पाय मुरगळतोच. पण पाय जर अजून बजरंगच्या शिळेवर चालत असतील तर संधी मिळून तरी काय उपयोग? प्रेक्षकांत कुणी तसा सूर काढला की मी पुन्हा खांबासारखी उभी. माझ्या पायांचा मालक एकच असायला हवा, आणि तो मी.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बाभळींपाशी गेले. मला येताना बघून बजरंगने आधी दोन्ही हात पुढे केले, चेंडू येतोय की काय म्हणून.

"तू इथं कवापर्यंत हाय?" मी विचारलं.

"शेतमालक म्हणंल तवर. त्याच्या रानात मेंढ्या बसवल्यात, खतासाठी. कावून?"

"रोज दिवस कलायच्या आत मैदानावर यायचं. मी पळणार, तू शीळ घालायची. मी थांबणार न्हाई."

"आन् थांबल्या तर?"

"तर परत पळणार."

"मला काय मिळंल?"

"शिव्या."

त्याने जरा विचार केल्यासारखं केलं. "चालंल. पर नव्या द्या. जुन्या घरी रोजच मिळत्यात."

तो खरंच आला. मेंढरं वाघुरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घालून यायचा, मागे त्याचं काळं कुत्रं. मी चेंडू घेऊन सुटायचे, तो शीळ घालायचा, आणि मी थांबायचे. कुत्रंही थांबायचं. पहिले काही दिवस असेच गेले. मी चिडायचे, चेंडू आपटायचे, त्याला सांगितल्याप्रमाणे शिव्या द्यायचे. तो शांतपणे म्हणायचा, "ही कालच दिलती. नवी द्या." मला हसू यायचं आणि हसल्यामुळे आणखी राग यायचा.

मग मी त्याला खेळायला शिकवलं. नुसतं उभं राहून शीळ घालण्यापेक्षा अंगावर येऊन धर म्हटलं. तो म्हणाला, "पोरीला धरू कसं?" मी म्हटलं, "मेंढीला धरतोस तसं." त्यावर तो इतका लाजला की त्याला शीळच घालता येईना, तोंडातून नुसती हवा गेली. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याच्या बाजूने सरळ पळत गेले आणि खांबांमधून चेंडू मारला. तो म्हणाला ही फसवणूक आहे. मी म्हटलं ऑस्ट्रेलियात असंच खेळतात.

"ते ऑस्ट्रेलिया... मेंढ्यांचाच देश हाय म्हणं," तो म्हणाला. "म्या मोबाइलवर बघितलं. माणसांपरीस मेंढ्या जास्ती."

"मी मेंढ्या बघायला न्हाई चालले."

"तसं न्हाई. म्हणलं, तिथं गेल्यावर करमायला काही तरी ओळखीचं असावं." तो कुत्र्याच्या कानामागे खाजवत राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमाला लांब गेल्यावर एकटं वाटंल."

मी काहीतरी फटकन बोलणार होते. त्याऐवजी चेंडू उचलला आणि पुन्हा पळायला गेले.

एकदा अवकाळी पाऊस आला. आभाळ भरलेलं होतंच, पण मी म्हटलं आणखी एकदा पळते, आणि मैदानाच्या पार टोकाला असताना टपोरे थेंब सुरू झाले. आसरा कुठेच नव्हता. बजरंग घोंगडी घेऊन पळत आला आणि ती माझ्या डोक्यावर टाकली. स्वतः बाहेर उभा राहिला, भिजत.

"आत ये," मी म्हणाले.

"न्हाई... बरं हाय हितं."

"बजरंग, आत ये. नाटकं करू नको."

तो आत आला, पण असा की मध्ये आणखी एक माणूस बसला असता. घोंगडीवर पाऊस वाजत होता आणि ओल्या लोकरीचा वास सुटला होता. मला आईच्या मांडीवर झोपायचे ते दिवस आठवले. मग त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला आणि मला दुसरं काही आठवेना.

"तुमी गेल्यावर..." तो म्हणाला आणि थांबला.

"आधी मला तू म्हण. एवढ्या शिव्या खाल्ल्यास, अजून तुमी-तुमी काय?"

"तू गेल्यावर," तो म्हणाला, पुन्हा एकदा अडखळला, "मला शिव्या कोण देईल?"

"फोनवर देईन."

पाऊस थांबला होता. ते आम्हा दोघांनाही कळलं होतं, पण घोंगडी कुणीच काढली नाही.

आणि मग एका संध्याकाळी ते जमलं. मी मधल्या रेषेवरून सुटले, बजरंगने कडेला उभं राहून शीळ घातली. तीच, लांब, चढत जाणारी, शेवटी तोडलेली. कुत्रं थांबलं. मी थांबले नाही. त्याने पुन्हा घातली, आणखी मोठी. मी पळत राहिले, खांबांपाशी पोचले, मारला, गोल झाला. मी दोन्ही हात वर करून नाचत परत आले, तर तो मान खाली घालून उभा.

"काय झालं? जमलं ना," मी म्हणाले.

"जमलं." त्याने काठीने मातीत एक रेघ ओढली. "आता तू माझ्या शिळंवर कधीच थांबणार न्हाई."

"तेच तर पायजे व्हतं."

"व्हय. तेच पायजे व्हतं."

मी चेंडू उचलून होस्टेलकडे चालू लागले. त्याला असं बघवत नव्हतं आणि बघवत नाही हे त्याला कळू द्यायचं नव्हतं. थोडी लांब गेले असेन.

"सुकन्या," तो मागून म्हणाला. मोठ्याने नाही. साध्या आवाजात, जेमतेम ऐकू येईल असा.

मी थांबले. झटकन, दोन्ही पाय जुळवून. इतक्या दिवसांची मेहनत आणि पायांनी हा असा दगा दिला. वळून त्याच्याकडे बघितलं तेव्हा तो हसत होता आणि त्याचे कान लाल झाले होते, आणि मला कळून चुकलं की या रोगावर कुठल्याही सरावाचा इलाज नाही.

कोलकात्याला पहिले सामने मी बाकावरच होते. तिसऱ्या सामन्यात आमच्या एकीचा घोटा मुरगळला आणि सरांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "थांबशील?" मी म्हटलं, "न्हाई सर." मी आत गेले. प्रेक्षकांत शिळा तर सारख्याच चालल्या होत्या, त्यातली एक बरीचशी आमच्यासारखी होती. पाय क्षणभर विचारात पडले. मी त्यांना विचार करू दिला नाही. त्या सामन्यात मी दोन गोल केले, डोक्यावरून जाणारे चेंडू उडी मारून झेलले, आणि माझ्या दुप्पट वजनाच्या एका पोरीला पाडलं. पाडताना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

स्पर्धा संपल्यावर क्लबाच्या बाईंनी मला बोलावलं. दोन हंगामांचा करार. मेच्या शेवटी मेलबर्नला पोचायचं, जूनपासून सराव. त्या हळूहळू बोलत होत्या, मला समजावं म्हणून, पण मला पहिल्या वाक्यालाच समजलं होतं. बाहेर येऊन मी आधी बजरंगला फोन लावला, मग घरी. क्रम चुकला हे नंतर लक्षात आलं. आईच्या ते लगेच लक्षात आलं, कारण तिच्याशी बोलताना मी दर वाक्याला बजरंगचं नाव घेत होते.

"कोण गं हा बजरंग?" आईने विचारलं.

पुढचं सगळं फार सोपं झालं. इतकं सोपं, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. बजरंगने त्याच्या घरी सांगितलं. त्याचे वडील धुळाजी, आई रुक्मिणीबाई, दोघं आमच्या वडिलांना नावाने ओळखत होते. जात एक, धंदा एक, कळप चांगला, पोरगा निर्व्यसनी. माझे वडील तर इतके खुश झाले की त्यांनी मला विमानाचंसुद्धा लगेच कबूल केलं. "लगीन ठरलेलं असलं म्हंजी कुणी नावं ठेवणार न्हाई," म्हणाले. एप्रिलमध्ये आमच्या दारातच सुपारी फोडायचं ठरलं. मी आयुष्यात पहिल्यांदा भांडण न करता साडी नेसले.

पाहुणे आले, सतरंज्यांवर बसले, चहा झाला. उंबऱ्याच्या आतून मी ऐकत होते.

"वैशाखात बार उडवून देऊ," धुळाजी म्हणाले. "आन् पयलं वरीस सून वाड्यामागं चालंल. आमच्या घरात तशी रीत हाय. सुनेला मेंढरं वळखाय लागत्यात आन् मेंढरांला सून. मग पुढं बगू तुमच्या त्या बॉलचं."

पुढं बगू. हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. शाळेच्या सहलीचं पुढं बगू, सायकलीचं पुढं बगू. त्यातलं काही कधी बघितलं गेलं नाही. पुढच्या वर्षी क्लबाला दुसरी पोरगी मिळाली असती. माझे वडील काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघितली. त्यांनी कप खाली ठेवला आणि मान हलवली, हो म्हणाल्यासारखी.

मी मागच्या दाराने बाहेर पडले आणि बजरंगला खुणावलं. तो कडब्याच्या गंजीमागे आला. नवा शर्ट, खांद्यावर उपरणं, केसांना तेल.

"तुला हे म्हाईत व्हतं?"

"व्हतं," तो म्हणाला.

"आन् मला सांगितलं न्हाईस."

"म्हणलं, आबांना वळवीन. रोज बोलतोय मी त्यांच्यासंगं. त्यांचं एकच, आधी सुपारी फुटू दे, मग ठरवू."

"म्हंजी ओटी भरली की माझं संपलं."

त्याने खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. मग हळूच म्हणाला, "सुकन्या... तू आता बोललीस तर सुपारी मोडंल. चार गावची माणसं जमल्यात. आबा उठून जातील. परत ह्या दारात येणार न्हाईत."

"जाऊ दे."

"आन् मी?"

 मला तो हवा होता. आणि हे कळायला याहून वाईट वेळ सापडली नसती. त्याच्या नव्या शर्टाच्या कॉलरला किमतीच्या चिठ्ठीचा दोरा लटकत राहिला होता. मी तो दातांनी तोडून काढला. 

"मी काय करणार ते ठरलंय," मी म्हणाले. "तू काय करणार ते तुजं तू बघ."

आतून आई हाका मारत होती. मी जाऊन पाटावर बसले.

रुक्मिणीबाई ताट घेऊन समोर आल्या. ताटात गहू, नारळ, हळकुंड, सुपारी, खारीक. सगळं हळदीकुंकवाने माखलेलं. चेहऱ्यावरून त्या चांगल्या वाटत होत्या, त्यामुळे माझं काम आणखी अवघड झालं. "ऊठ पोरी," म्हणाल्या. "पदर पसर."

मी उठले. पदर कमरेला खोचला.

"आत्याबाई, माझी ओटी भरू नका."

आईचा हात तोंडावर गेला. बाहेरच्या सतरंजीवरचं बोलणं बंद झालं. मी उंबरा ओलांडून बाहेर आले, कारण हे आतून बोलण्यासारखं नव्हतं.

"मला बजरंग आवडतो," मी म्हणाले.  "कुणी दाखवला म्हणून न्हाई, मला आवडतो म्हणून. मला दुसरा कुणी नवरा नको. पर मेच्या शेवटी माझं विमान हाय, आन् दोन वर्सं मी खेळणार हाय. मेंढरांमागं चालायची मला लाज न्हाई. मी चाललेय, काट्यातून चाललेय. पर ही दोन वर्सं माझी हायत. ज्याला माझी वाट बघायची त्यानं बघावी. न्हाई तर हे ताट उचला आन् दुसरीची ओटी भरा."

धुळाजी माझ्याकडे बघतच नव्हते. माझ्या वडिलांना म्हणाले, "परमेश्वर, लेकीला लई शिकवलंस."

"म्या कुठलं शिकवलं?" वडील म्हणाले. आवाज बारीक होता, पण मान आता वर होती. "तिचं ती शिकली."

"वाट बायका बगत्यात," धुळाजी उठले. "गडी माणूस बायकूची वाट बगत घरी बसलाय, असं आमच्यात कुणी ऐकलं न्हाई. लोक हसत्याल. चल बजरंग."

बजरंग उठला. मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. तो वडिलांकडे गेला नाही. दारात आईसमोर येऊन उभा राहिला. खांद्यावरचं उपरणं काढलं, दोन्ही हातांनी पुढे धरलं, बायका पदर धरतात तसं.

"आई," तो म्हणाला, "वाट मी बगणार हाय. तर ओटी माझीच भर."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. त्याचे कान लाल झाले, पण उपरणं खाली आलं नाही.

"येडा झाला का बे?" धुळाजी म्हणाले.

"झालो, आबा."

रुक्मिणीबाई ताट घेऊन तशाच उभ्या होत्या. त्यांनी लेकाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. 

"तुमी कळप घिऊन घाटाखाली गेलते," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "म्हैनोन् म्हैनं. हा माझ्या पोटात व्हता. म्या वाट बगितली. तवा कोण हसलं का?"

 धुळाजी निघालेच होते, पण त्यांनी अजून चपला घातल्या नव्हत्या.

रुक्मिणीबाईंनी ओंजळभर गहू घेतले आणि लेकाच्या उपरण्यात टाकले. एकदा, दोनदा. हळकुंड टाकलं, सुपारी टाकली, खारीक टाकली. आई मागून रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही. मग त्यांनी ताट माझ्यापुढे केलं. त्यात आता नारळ तेवढा उरला होता.

"ह्यो तू टाक," त्या म्हणाल्या. "तुजा नवरा हाय."

मी दोन्ही हातांनी नारळ उचलला आणि त्याच्या ओटीत ठेवला. उपरणं मध्ये झुकलं, गहू सांडायला लागले, त्याने घाईने दोन्ही टोकं वर धरली.

"जड हाय गं," तो माझ्यापुरतंच म्हणाला.

"दोन वर्सं धरायचंय."

"धरतो," तो म्हणाला, आणि वडिलांसमोर, चार गावच्या माणसांसमोर, माझ्याकडे बघत उभा राहिला.